हातचं राखून

नोव्हेंबर लागला की उमानाकला सूर्य नसतो.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर मात्र
बर्फ लख्ख पसरलेला : घडीच्या पुठ्ठ्याचा,
कडेला कॉफीचा गोल डाग,
त्याला आम्ही बेट म्हणतो.

खोका शेवटच्या जहाजाने आला.
आत चार लाकडी स्लेज. एक पहिल्याच आठवड्यात
पिल्लाने चावून टाकली,
तिच्या जागी आता हॅलिबटचा गळ.
गळ घेऊन पाविया मामा खेळतो.

नियम सोपे. हातात सहा पानं,
पानापानावर कुत्रा, एक ते नऊ त्याचं बळ.
टाकला की धावतो, मग दमतो,
ढिगाच्या तळाशी जाऊन झोपतो.
नव्वा आधीच उडवलात तर चढणीवर रडाल.

उल्रिका रडत नाही. ती तिसऱ्या फेरीतच
सगळं उधळून बसते चढणीच्या पायथ्याशी,
रिकाम्या हातांनी सुका मासा सोलत.

मामा पहिल्या दिवशी चित्रं बघून हसला होता.
पानांवरचे कुत्रे दोन-दोनच्या रांगेत,
झाडांमधून जाणारे, परक्या मुलखातले.
"इथं झाड कुठंय, रांग लावायला?"
आमचे कुत्रे ज्याच्या त्याच्या दोरीवर
पंख्यासारखे पसरतात.
असं म्हणत त्याने हातातली पानं उघडली
पंख्यासारखी
आणि त्यांच्याकडे बघतच राहिला.

तेव्हापासून तो आधी पानं लावतो.
कोण कोणाशेजारी चालत नाही,
कोणाला मध्ये ठेवलं तर भांडणं मिटतात.
दोऱ्यांचा गुंता सोडवावा तशी बोटं फिरतात,
मध्येच त्यांवर फुंकर, चूल पेटलेली असताना.
"मामा, टाक!" आम्ही ओरडतो.
टाकत नाही.

काल तो पुढे होता. शेवटून दुसरं घर :
पातळ बर्फ, निळ्या रेघांचा.
सात किंवा वरचं पान टाका नि पार व्हा.
त्याच्याकडे नव्वा होता. आम्हाला ठाऊक होतं,
त्याला चेहरा लपवता येत नाही.
गळ अलीकडे ठेवून त्याने पंखा मिटला.
"थांबतो."

थांबायचं नसतं, मामा. नियमात नाही थांबणं.
"मग नियम लिहिणारा बर्फावर गेलेला नाही."

दोन दुर्र्या आणि एक चौका,
बेरीज आठ, मी त्याच्या शेजारून निघून गेले.
जिंकले. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
चौदा होते त्याचे, आता पाच आहेत.
गेल्या मार्चबद्दल या टेबलावर बोलत नाहीत.

बाहेर एकाने सूर लावला, मग सगळ्या उतारानेच.
मामा बादली घेऊन गेला.
मी पुस्तिका चाळली, डॅनिशमधली बारा पानं :
धावण्याच्या सगळ्या तऱ्हा होत्या तिच्यात.
शेवटच्या पानाखाली पेन्सिलीने लिहिलं,
पातळ बर्फापाशी थांबता येईल, कितीही वेळ.
थांबलेला कुत्रा दमत नाही.

तो आला, भुवयांवर हिम, हातांना माशाचा वास.
पुस्तिका लांब धरून, चष्म्याशिवाय वाचलं.
"दमतो," म्हणाला. "थांबून जास्तच दमतो.
पण खोडू नकोस."

मग गळ उचलून सुरुवातीच्या घरात ठेवला.
"पिस."