हीटरचा खटका

बंदरावरच्या साहेबाने विचारलं, किंमत?
मी म्हटलं, मावशी वारली.
त्याने रकान्यात आकडा भरला.

लीड्सहून जालन्याला आली तिची मॉरिस मायनर,
सन एकसष्टची.
ट्रेलरवरून उतरली तेव्हा
मोंढ्यातले हमाल टायर दाबून बघत होते,
बैलाचे दात बघावेत तसे.

इस्माईलने पत्र्याखाली बोट फिरवलं,
जिभेला लावलं.
"खारट हाय. बर्फावर मीठ टाकतेत म्हणं तिकडं."

चाळीस वर्षं नर्स होती.
पत्रात एकच ओळ: इकडे सगळं छान.

बाकीचे खटके कोरे करकरीत,
एकाचीच अक्षरं झिजून गेलेली.
हीटरचा.

"काढून टाकू का? आपल्याकडं काय काम त्याचं?"

मे महिना. पत्रा हात लावू देईना.
मी खटका वर केला,
खाली केला.