एकोणीस की बावीस

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन कागद.
त्यांवर वजन म्हणून मीठदाणी, चष्म्याची डबी
आणि ती वही, जिच्यात मी रात्री थेंब मोजते:
मिनिटाला चौदा.
वारा समुद्राकडून असला तर वीस.

शहरातल्या कंपनीचा माणूस आलाच नाही.
उपग्रहावरून मोजलं म्हणे.
उंटावरून शेळ्या हाकणारे आयुष्यात बरेच पाहिले,
हा त्यांच्याही वर बसलेला.
कागद मात्र देखणा, रंगीत, नऊ पानी:
बावीस चौरस, वीस हजार चारशे डॉलर,
आणि शेवटच्या पानावर एक हसरं कुटुंब
ज्याच्या डोक्यावर आजवर
थेंबसुद्धा पडलेला नाही.

केल्व्हिन पार्डी शिडी लावून चढला,
एक गुडघा सांभाळत.
मी खाली शिडी धरून, मान वर,
त्याच्या बुटांचे झिजलेले तळवे बघत.
उतरला तेव्हा हातात शिंगलचा तुकडा होता.
मुठीत दाबला, तर बिस्किटासारखा चुरला.
"एकोणीस चौरस, डोरीन. चौदा हजार आठशे.
जुनं सगळं उपसायचं.
खालचं प्लायवूड कुजलं असेल
तर प्रत्येक तक्त्याचे नव्वद वेगळे."
किती कुजलं असेल?
तो बंदराकडे बघत राहिला.
"ते उघडल्यावरच कळतं."
आणि कागदावर त्या जागी
त्यानं नुसती रेघ ओढली.

तिसरा वेन स्नुक, लिओच्या आतेभावाचा मुलगा.
चर्चच्या पत्रकाच्या पाठीवर लिहिलंय:
नऊ हजार, रोख.
जुन्यावरच नवं ठोकू, काकू,
शनिवार-रविवारात उरकतो.
पावतीचं विचारलं तर असा हसला
जणू मी त्याच्या आईबद्दल काही बोलले.
याला नाही म्हटलं
तर बुधवारपर्यंत अख्ख्या खाडीला कळणार.
हो म्हटलं
तर कुजलेल्यावर नवी टोपी,
आणि कळेल फक्त मला, रात्री, वहीत.

बँकेत अकरा हजार सहाशे आहेत.
हा चौथा कागद. तो मी टेबलावर ठेवला नाही.

पण मला झोपू दिलं नाही ते पैशांनी नव्हे,
तीन चौरसांनी.
घर एकच, मग एकोणीस की बावीस?
तीस वर्षं मासळीच्या कारखान्यात
खोक्यांची मोजदाद केलीय मी,
एक खोकं चुकलं तरी पाळी सुटायची नाही.
शेजारच्या टेसाला टेपचं टोक धरायला लावलं
आणि भिंतीभिंतीनं चालत घर मोजलं.
एकोणीसला थोडं कमी.
केल्व्हिन बरोबर.

मग भिंग घेऊन त्या देखण्या कागदाशी बसले.
दुसरं पान, वरून काढलेला फोटो.
घरामागे एक राखाडी चौकोन.
शेड.
आमची शेड, जी दोन जानेवारींपूर्वी
वाऱ्यानं उचलून खडकांवर आपटली,
जिच्या फळ्या मी वसंतापर्यंत शेगडीत घातल्या,
ती तिथं शाबूत उभी,
तीन चौरसांची, हिशेबात धरलेली.
आणि शेडशेजारी निळा पिकअप.
ड्रायव्हरकडचं दार उघडं.

लिओ कुठंच दिसत नाही.
भिंग पुढे-मागे केलं, दिव्याखाली नेलं.
मग लक्षात आलं:
वरून बघणाऱ्याला फक्त छपरं दिसतात.
तो आत असणार,
शेडमध्ये खिळे शोधत,
किंवा इथं, याच टेबलाशी,
चहा ओतून, दार लावायचं विसरून.

सकाळी केल्व्हिनला फोन केला.
म्हटलं, अर्धे आता, अर्धे वसंतात चालतील का?
त्यानं नाकातून श्वास सोडला, मग म्हणाला, चालतील.
पण ऑक्टोबरच्या आधी हात रिकामा नाही.
आणि ती रेघ? मी विचारलं.
ती तशीच राहू दे, म्हणाला.

वेनला अजून कळवलेलं नाही.
शहरवाल्यांना कळवायचं कारण नाही.
त्यांची आठ पानं शेगडीपाशी ठेवलीत.
दुसरं पान टेबलावर होतं,
आज वारा फिरला तसं
तेवढं उचलून फडताळात ठेवलं,
जिथं अजून तरी
गळत नाही.