जानेवारीचं वार्तापत्र

पान एक, वरची चौकट:
सौरवातावरची कार्यशाळा उत्साहात संपन्न.
नोंदणी बासष्ट जणांची, चहा नव्वद जणांनी घेतला.
दुसरं वाक्य बोरस्ते सरांनी लाल पेनाने खोडलं.

पान दोन:
घुमटाच्या झडपेत कबुतरांचे दोन संसार सापडले,
पिल्लं उडेपर्यंत शनीचं निरीक्षण स्थगित.
हे मात्र सरांनी राहू दिलं.

पान तीन कोरं आहे.
तिथे आपल्या उपग्रहाची बातमी बसवायची,
आणि बातमी नाही.

पोरांनी चार वर्षं खपून केलेला तो डबा,
दोन किलोच्या द्राक्षपेटीहून हलका,
नऊ डिसेंबरपासून वर आहे आणि गप्प आहे.
पहाटे पाच बेचाळीसला सिन्नरच्या अंगाने उगवतो,
रामशेजच्या मागे मावळतो.
मध्ये आठ मिनिटं.
त्या आठ मिनिटांसाठी मृणाल गांगुर्डे चारला उठते,
कानटोपीवर हेडफोन चढवते
आणि गच्चीवरची अँटेना कुरकुरत वळताना
तिच्याबरोबर स्वतःही वळत राहते.
निफाडला त्या दिवशी चार अंश होतं,
इथे किती, ते कुणी बघितलं नाही.

सतरा तारखेला आवाज आला.
टिक, मग दहा सेकंद काही नाही, मग टिक.
तौसिफ कोकणी जिन्यावरून ओरडतच खाली आला,
मी हातातला मस्टर तसाच टाकून वर पळाले,
माझ्या मागे पगारमामा, झाडूसकट.
सरांना फोन गेला. सर स्वेटर उलटा घालून आले.

मृणाल एकटी हसत नव्हती.
म्हणाली, दूर जाणाऱ्याचा सूर उतरत जातो,
हा उतरत नाहीये.
हा जागचा हललेलाच नाही.
घड्याळात सहा वाजून गेले होते,
डबा केव्हाच हिमालयापलीकडे गेलेला,
आणि टिक चालूच.

दुपारी हातात छोटी अँटेना घेऊन
दोघं स्कूटीवर शोधत निघाली.
मखमलाबादच्या पुढे, पाटाच्या कडेला,
द्राक्षबागेत एका खांबावर पांढरी पेटी होती.
हवामान मोजणारी.
मालक भास्कर पिंगळे म्हणाले, भुरी येऊ नये म्हणून लावलीय,
पानं ओली झाली की कळवते मोबाइलवर.
मग दोघांना पसाभर मणी दिले, अजून आंबट होते.

म्हणजे महिनाभर आभाळाकडे कान लावून
आम्हाला आलेला एकुलता एक निरोप असा होता:
पान ओलं आहे.
पान ओलं आहे.
पान अजून ओलं आहे.

सर म्हणाले, हे छापायचं नाही.
लिहा, संपर्काचे प्रयत्न सुरू.
मी लिहिलं. पान तीनवर ती ओळ
मोठ्या हॉलमध्ये एकच खुर्ची ठेवावी तशी दिसायला लागली.

काल पहाटे मीही गेले गच्चीवर.
काय ऐकायचं ते मला कळत नाही,
सव्वीस वर्षं मी आवक-जावक बघते,
आलेल्यावर शिक्का मारायचा, न आलेल्याची नोंद नसते.
मृणालने एक कान मला दिला.
आत नुसती खरखर,
दूर कुठे कुणी तांदूळ निवडत असल्यासारखी.
अँटेना वळली. आम्ही वळलो.
रामशेजवर उजाडायला लागलं.

पगारमामांनी विचारलं, बोलत नाही ते राहू दे,
पण जातोय ना वरून, रोज?
जातो, मृणाल म्हणाली. सेकंदाचाही फरक नाही.
मग तेवढं तरी लिहा की मॅडम, मामा म्हणाले.

सर आज रजेवर आहेत.
छपाईला चारपर्यंत द्यायचं आहे.
पान तीन, खालचा कोपरा, बारीक टाइपात:
रोज वेळेवर जातो.