सतरा रविवार

ऐरोलीत, सातव्या मजल्यावर,
रविवारी रात्री साडेदहाला
त्यांची दुपार सुरू होते.
मी हेडफोन लावते. गवत उजळतं.
काम साधं: डाव कापायचे.
चेंडू कुणी दिला, कुणी धरला, किती यार्ड,
कोण कुठे आडवा झाला.
एका डावाला चाळीस सेकंद. त्याहून जास्त नाही.

हेल्मेटवर बगळा असलेली टीम माझ्या वाट्याला आली.
इर्शादच्या वाट्याला गेल्या वर्षीचे विजेते.
"मी लवकर घरी जाणार," तो म्हणाला,
"जिंकणाऱ्यांच्या चुका थोड्या असतात."

पहिले पाच रविवार हरले.
सहाव्याला जिंकले,
तेही समोरच्याची किक खांबाला आपटून परत आली म्हणून.
मी कँटीनमधून सगळ्यांना वडे आणले.
कशाबद्दल, ते कुणाला कळलं नाही.

चौऱ्याहत्तर नंबरला चेंडू कधीच मिळत नाही.
तो नुसता आडवा उभा राहतो,
मागच्याला फेकायला दोन-चार श्वास मिळावेत म्हणून.
तो चुकला, समोरचा त्याच्या काखेतून निसटला,
की मी त्याचा रकाना भरते.
नीट उभा राहिला तर रकाना रिकामा.
सहा महिन्यांनी कुणी कागद उघडला
तर त्यात चुकांपुरताच माणूस सापडेल.

दिवाळीत घरून काम होतं. घणसोली गावठाणात,
बाबा चष्मा पुसत पाठीमागे येऊन उभे राहिले.
रबाळ्याच्या रंगाच्या कंपनीकडून कबड्डी खेळायचे,
डावा कोपरा.
आधी गुडघा गेला, मग कंपनी.
"मधली रेघ ओलांडली, पुढं गेला, पडला," बाबा म्हणाले.
"आता परत कवा येल?"
"परत यायचं नसतं, बाबा.
पडला तिथूनच पुढचा डाव."
बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
"मंग दम कशाला धरायचा?"

नोव्हेंबरात त्यांनी घड्याळं तासभर मागे घेतली.
आमच्याकडे गाडी उशिरा दारात यायला लागली,
आईची भाकरी उशिरा तव्यावर पडली.
एवढं सोडलं तर तिकडच्या हिवाळ्याने
आम्हाला काही केलं नाही.

अकराव्या रविवारी चौऱ्याहत्तर पडला.
आपल्याच माणसाच्या पायाखाली.
यादीत दोनच पर्याय: धक्का लागून, धक्का न लागता.
मी तोच तुकडा मागे-पुढे केला, बारा वेळा,
गुडघा आत वळायचा, सरळ व्हायचा,
परत वळायचा.
पडद्यावर लाल अक्षरं आली: वेळ संपली.
मी पहिला पर्याय निवडला. खरा कुठला, अजून माहीत नाही.

मग हरले, हरले, एकदा जिंकले, हरले.
इर्शादचे लोक पुढच्या फेरीत गेले,
त्याला जादा रात्री मिळाल्या, जादा पैसेही.
आमचा प्रोजेक्ट मनिलाला जाणार, असं लिफ्टमध्ये कुणीतरी म्हणालं.

शेवटच्या रविवारी बर्फ होता.
मैदानावरच्या रेघा दिसेनात,
यार्ड अंदाजाने लिहिले.
चार जिंकलेले, बारा हरलेले,
मिळवण्यासारखं काही नाही,
आणि चौऱ्याहत्तर आला,
पायाला लोखंडी पट्टी बांधून.
शेवटचा डाव. समोरचा दीडशे किलोचा असेल.
मी ओठांत मोजत होते: तीन, चार,
बर्फात त्याचे बूट मागे घसरत होते,
पाच,
सहा.
मागच्याने चेंडू फेकला. ज्याच्याकडे फेकला, त्याच्या हातून सुटला.
नियमाप्रमाणे मी रकाना रिकामा सोडला.
कर्सर तिथे लुकलुकत राहिला.

साडेपाचला गाडीने गावठाणाच्या तोंडाशी सोडलं.
बाबा ओट्यावर बसले होते.
"हारलं?"
"हो."
"आन् तो, गुडघ्याचा?"
"उभा होता."
"किती दम?"
"सहा. मोजले मी."
त्यांनी मान हलवली, हं म्हणाले,
आणि पाणी आलं होतं म्हणून
मोटार लावायला उठले,
कठडा धरून,
एक पायरी,
मग दुसरा पाय त्याच पायरीवर.