आडोसा

निघताना दूध घेऊ नये.
वहीत लिहिलंय मी, तारखेसकट.
तरी परवा पुन्हा घेतलं, ग्लासभर, हळद घालून.
पहाटे चारला कुणाला न उठवता
पोटात ढकलण्यासारखं घरात तेवढंच होतं.

सोरेगाव गेलं. वडकबाळचा पूल गेला.
सीनेत पाणी कमी, वास जास्त.
पुढे यादगिरी बोड्डूल, त्याच्या पाठीआड मी,
वारा तो खातो.
तसा तो काहीही खातो.
रात्री अकराला पार्कातली डिस्को भजी,
सकाळी मिरची, वर बर्फ घातलेला उसाचा रस,
आणि विजापूरला असा जाऊन येतो
जसा मागात धोटा.

माझं तसं नाही. माझी वही आहे.
केळं: पहिलं चालतं, तिसरं चालत नाही.
खजूर: ऊन चढेपर्यंत.
साखरेच्या चिकाची पुडी, दीडशे रुपयांची:
बोरामणीच्या पुढे, डिसेंबरात,
दीडशे रुपये तुरीत गेले.
शेंगाचटणी...
इथे तीनदा खोडलंय.
सोलापुरात जन्म काढून तिच्याविरुद्ध लिहायला
पेन तयार होत नाही.

तेरा मैलाला गुडगुड सुरू झाली.
आधी लांब, टाकळीकडून येणाऱ्या ट्रकसारखी.
मग जवळ.
मग सीटखाली.
‘थांबू का, सरोजाक्का?’
नको, म्हटलं.
नको म्हटल्यावर बाई पुढचे दोन किलोमीटर
फक्त झाडं शोधते.
झाडं रस्ता रुंद करताना गेली.
जानेवारीत निदान ज्वारी असते, डोक्याच्या वर,
अख्खी वरात आत शिरली तरी दिसणार नाही.
मार्चमध्ये धसकटं. घोट्याएवढी.

यादगिरीला आडोसा लागत नाही.
पाठ फिरवली की झालं त्याचं.
त्याचं पोट चांगलं आहे की
रस्ताच त्याचा आहे,
हे मला सत्तेचाळीस वर्षांत ठरवता आलेलं नाही.

डावीकडे कडब्याची गंज दिसली.
सायकल टाकली, पळाले,
बुटांच्या पट्ट्या डांबरावर टापांसारख्या वाजत.
गंजीपाशी एक बाई पेंढ्या मोजत होत्या.
‘काय करलालीस गं इकडं?’
मी पोटावर हात ठेवला.
मराठी, कन्नड, तेलुगू,
कुठल्याही भाषेत त्याचा अर्थ एकच.

त्यांनी आकडा सोडला.
बैलगाडीवरची चादर ओढली,
एक टोक गंजीत खोचलं, दुसरं हातात धरलं,
आणि रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

माझ्या बाजूला चादरीची उलटी बाजू.
सुलट्या बाजूला मोर लाल असतो, इकडून हिरवा.
असे मोर अप्पांनी दाजी पेठेत हजारो काढले,
बारा तास उभं राहून.
पाळीत माग सोडून जायची सोय नव्हती.
रात्री ताक नाही, आमटी नाही.
कडक भाकरी मोडायची, कोरडीच चावायची.
आम्हाला वाटायचं, आवडते त्यांना.

‘काय खाल्लालीस?’ चादरीपलीकडून.
‘दूध.’
त्या इतक्या हसल्या की
मोर गुडघ्यापर्यंत खाली आला.
‘धरा हो नीट!’ मी ओरडले.
मग मीही हसले,
आणि त्या अवस्थेत हसू नये, हेही कळलं.

कळशीतलं पाणी त्यांनी हातावर घातलं.
‘आता काय खाऊ नको. जा घरला.’
मी टाकळीपर्यंत गेले. भीमा बघितली. परतले.
यादगिरीनं माझ्या वाटणीची चिक्की तोवर संपवली होती.

रात्री वही उघडली.
दूध लिहायचं होतं, पुन्हा, तारखेसकट.
लिहिलं ते असं:
तेरा मैलाच्या पुढे दोन किलोमीटर, डावीकडे गंज.
पाऊस लागेस्तोवर राहील, म्हणाल्या.
नाव विचारायचं राहिलं.