अठ्ठेचाळीस, अठरा

पुढं बेचाळीस दाती, मागं अठरा.
कंपनीतून आली तशीच ठेवली होती.
पहिल्याच आठवड्यात पोवई नाक्याच्या भुयारी रस्त्यात
मोटर पंचविसावर गेली
आणि माझे पाय गरगरले
वैरण न घातलेल्या जात्यासारखे.

बघणाऱ्याला वाटावं, बाई सायकल चालवतीय.
मला ठाऊक, सायकल बाईला नेतीय.
दुसऱ्यानं आपली हजेरी लावावी
आणि पगार मात्र आपण घ्यावा, तसलं काहीतरी.

मी देगावच्या कारखान्यात, गेज-रूममध्ये असते.
केसाच्या जाडीला आम्ही तिथं ढोबळ म्हणतो.
कँटीनच्या कुपनामागं हिशोब मांडला:
सव्वीस इंची चाक, पंचविसाचा वेग,
म्हणजे मिनिटाला शहाऐंशी फेरे.
गुडघे बावन्न वर्षांचे.

मंगळवार पेठेत मणेरचाचांचं दुकान.
पाटीवर अजून 'सायकली भाड्याने मिळतील',
खाली तासाचा दर, तो पुसायचा राहिलेला.
"मोटर हाय की ताई," चाचा म्हणाले,
"तुम्ही पाय कशाला घालताय मधी?"
म्हटलं, नुसतं बसून जायचं असतं तर एसटी होती.
ते हसले नाहीत.
तोंडात दोन नट धरले होते, म्हणूनही असेल.

मोटरची जाड वायर सोडवली, चाक उतरवलं,
फ्रीव्हील निघता निघेना,
तेव्हा पान्यावर लोखंडी नळी चढवून
रेहान तिच्यावर अक्षरशः उभा राहिला.
मग पोत्यातनं निघालं अठ्ठेचाळीस दाती चाक,
एका शिंप्याच्या मोडीत काढलेल्या सायकलचं,
वंगणाखाली अजून निकेल चमकत होतं.
मागं सोळा. चेनीला दोन कड्या जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी
बॉम्बे रेस्टॉरंट चौकाच्या अलीकडं
पायाखाली काहीतरी लागलं.
कसं सांगू,
अंधारात शेवटची पायरी संपली समजून पाऊल टाकावं
आणि अजून एक पायरी असावी,
पण दचकायला न होता बरंच वाटावं.
सदुसष्ट फेरे. मोटर आपली घोकत होती, मीही.
त्या दिवशी मी कारखान्यात घामेजून पोचले
आणि कुणाला कारण सांगितलं नाही.

संध्याकाळ मात्र चढाची असते.
राजवाड्यावरनं समर्थ मंदिराकडं वळलं
की रस्ता मान वर करतो.
मोटर कण्हायला लागली,
हब हाताला चटका देईल इतका तापला,
बॅटरीची एकच काडी उरली.
तिसऱ्या दिवशी उतरले, ढकलत निघाले.
कणसं भाजणाऱ्या बाईनं विचारलं,
"चार्जिंग संपलं व्हय?"
संपलं नव्हतं.
मी हिशोब फक्त सकाळचा केला होता.

ज्या रस्त्यानं उतरते त्याच रस्त्यानं चढायचं असतं,
हे साताऱ्यात जन्मून
कुपनामागं लिहायचं विसरले.

चाचांनी काही विचारलं नाही.
भिंतीवर खिळ्याला माझं जुनं अठरा दाती अडकवलेलं,
त्याला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी,
रेहानच्या अक्षरात:
'कुंदाताई. परत येतील.'

पुढचं शिंप्याचं राहू दिलं, मागचं अठरा परत चढवलं,
चाक बोटभर पुढं घेतलं.
मिनिटाला पंच्याहत्तर.
भुयारात पाय अजून थोडे रिकामे फिरतात,
चढाला अजून थोडे भरून येतात.
मधल्या सपाटीवर, नाक्यापासून थोडं पुढं,
एखादा फर्लांग असा येतो
की मोटर किती आणि मी किती
हे गेज लावूनही सांगता यायचं नाही.

काढलेलं सोळा दाती
आता त्याच खिळ्याला आहे.
त्यालाही एक चिठ्ठी बांधलीय.
येता-जाता दिसते,
वाचायला अजून थांबले नाही.