आडव्या रेघेचा सात

टपालाची शेवटची मतं मंगळवारी आली,
मतदान होऊन दहाव्या दिवशी.
हॉलमध्ये अजून मेंढ्यांच्या प्रदर्शनाचा वास,
खिडकीबाहेर बासची सामुद्रधुनी, शिशासारखी.
मी चौथ्या टेबलावर,
बोटाला रबरी टोपी, समोर पन्नास-पन्नासचे गठ्ठे.
शुक्रवारी आम्ही वीबेला पुरलं होतं.
घरी बसून काय मोजणार होते?

टास्मानियाच्या या वायव्य पट्ट्यातून
सात जण होबार्टला जातात.
मतपत्रिका उशीच्या अभ्र्याएवढी,
पक्षांचे उभे रकाने,
आणि नावांची जागा प्रतीप्रतीला वेगळी :
या कागदावर मर्टल टॅटलो सगळ्यात वर,
पुढच्यावर तळाला.
केवळ वर छापलंय म्हणून कुणाला आयतं मत पडू नये.
वीबे म्हणायचा, पत्ते नीट पिसलेत, आता खेळा.

एक ते सात आकडे लिहायचेच.
सहावर थांबलात तर कागद बाद.
पहिले तिघे मनापासून,
मग दोघे बरे म्हणून, एक ओळखीचा म्हणून,
आणि सातवा
नियमाला घाबरून.

अकरा वाजता माझ्या हाताखाली तो सात आला.
पोटातून आडवी रेघ.
आमच्याकडे असा सात कुणी काढत नाही.
फ्रीसलँडच्या शाळेत काढतात, सातासमुद्रापार;
तिथून आठ वर्षांचा वीबे बोटीने आला
तेव्हा भाषा धक्क्यावरच सुटली,
हा एक आकडा तेवढा बोटांत राहिला.
दूधवाल्याच्या हिशेबात, माझ्या वाढदिवसाच्या तारखेत,
करवतीच्या कारखान्यात फळ्यांवर खडूने
चाळीस वर्षं.

आणि पहिली पसंती?
केस्टर व्हिटल.
तोच, लाकडाच्या ट्रकांपुढे आडवा झोपणारा,
ज्याचं नाव निघालं की वीबे जेवणावरून उठायचा.

नसेलही त्याचा.
या किनाऱ्यावर डच घरं कमी आहेत का?
गुरुवारी त्यानं पाकीट बंद केलं
तेव्हा माझ्याकडे पाठ करून बसला होता, खोकत.
एकोणपन्नास वर्षं एका पलंगावर,
आणि मत गुप्त.
सोमवारी पहाटे तो गेला.
पर्यवेक्षकाला हाक मारायला तोंड उघडलं, मिटलं.
बायकोला अक्षर ओळखू आलं तर काय करायचं
याचं कलम नाही.
मी कागद केस्टरच्या ढिगावर ठेवला.
हात लावून सरळ केला.

पुढचे तीन दिवस मोजणी नुसती वाहत होती.
कोटा भरला की वरचं मत पुढे जातं,
अख्खं नाही, अंशाअंशाने,
शून्यामागे टिंब, टिंबामागे आकड्यांची शेपटी.
आणि जो तळाला जातो त्याचा संसार मोडून
कागद पुढच्या पसंतीच्या दारी नेऊन घालतात.
केस्टर चौदाव्या फेरीत पडला.
दुसऱ्या नावाचा माणूस तोवर निवडून आलेला,
त्याला ओलांडलं.
तिसरी बाई अठराव्या फेरीत गेली.
चौथा, पाचवा.
दर वेळी मी मान वर न करता बघत होते
रेघ कुठल्या टेबलावर चाललीय.
आठ दिवसांमागे मेलेला माणूस
हॉलभर हिंडत होता, कुणालाच न सांगता.

शुक्रवारी संध्याकाळी
सातव्या नावापाशी पोचला.
मर्टल टॅटलो. आमची शेजारीण.
कोंबड्यांवरून त्यानं तिच्याशी सहा वर्षं अबोला धरला होता.
शेवटची जागा तिला मिळाली,
एकसष्ट मतांनी.

रात्री तिचा फोन.
रडत होती, हसत होती,
मागे कुणीतरी बाटली उघडत होतं.
म्हणाली, थर्झा, वीबेचं मत काही मला नसणार,
देव त्याला शांती देवो,
पण तुझं तरी—
मी म्हटलं, मर्टल, ते विचारायचं नसतं.
किटली शिट्टी घालायला लागली होती.
तेवढं कारण पुरलं.